एमआरआय नंतर बघा, आधी खांदा कुणाकडून तरी हाताने तपासून घ्या

तुमचं वय 48, उजवा खांदा उत्तरायणापासून, म्हणजे संक्रांतीपासून, दुखतोय, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. एका डॉक्टरांनी मानेचा स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, सांगितला, दुसऱ्यांनी एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून गोळ्या दिल्या, तिसऱ्यांनी थेट एमआरआय लिहून दिला. तो करावा का, असं तुम्ही विचारताय.

कदाचित करावाही लागेल. पण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात एक गोष्ट कुठेच आली नाही. तिघांपैकी कुणी तुमचा खांदा उघडा करून, हातात घेऊन फिरवून पाहिला का?

मी डॉक्टर नाही, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी गृहिणी आहे. माझा डावा खांदा वर्षभराहून जास्त दुखत होता. त्यातले कितीतरी महिने मानेला ताण देण्यात आणि पट्टा बांधण्यात गेले, कारण मानेच्या एक्स-रेत झीज दिसली होती. चाळिशी-पन्नाशीनंतर ती बहुतेकांच्या मानेत दिसते, दुखत असो वा नसो. मला ब्लाऊजचे मागचे हूक लावता येईनात, केस विंचरताना हात अर्ध्यावर थांबायचा. हे मी टेबलापलीकडून सांगत राहिले आणि पलीकडून चिठ्ठी लिहिली जात राहिली.

मग एका हाडांच्या डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं आणि आधी मागे उभं राहून दोन्ही खांदे पाहिले. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला उघडायला सांगितले. उजवा सहज उघडला, डावा सुरुवातीलाच अडला. त्यांनी माझं मनगट धरून स्वतः फिरवून पाहिलं, तरी हात तिथेच अडला. ‘खभो जाम थई गयो छे,’ म्हणजे खांदा जखडलाय, म्हणाले, आणि लगेच विचारलं, साखर कधी तपासलीत? एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, केली तेव्हा मधुमेह निघाला. तोवर मला त्याचा पत्ताच नव्हता.

खांद्याच्या निदानाची खरी किल्ली या तपासणीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही स्वतः हात किती उचलू शकता आणि दुसऱ्याने उचलला तर तो किती जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडत असेल, विशेषतः बाहेरच्या बाजूला फिरवताना, तर सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसलेलं असण्याची शक्यता मोठी. हाच फ्रोझन शोल्डर. मधुमेह आणि थायरॉइडच्या आजारात तो जास्त होतो. सांध्याची झीज असेल तरीही हात असाच अडतो आणि ती एक्स-रेत दिसते, म्हणून तुमचा नॉर्मल एक्स-रे वाया गेलेला नाही, जपून ठेवा. याउलट दुसऱ्याने उचलल्यावर हात वर जातो, पण स्वतःहून उचलताना ताकद पुरत नाही किंवा मधल्या टप्प्यात कळ येते, असं असेल तर संशय खांद्याच्या स्नायूबंधांवर, म्हणजे रोटेटर कफवर, जातो. स्नायूबंध एक्स-रेत दिसत नाहीत.

मानेचं दुखणं वेगळं वागतं. ते बऱ्याचदा कोपराच्या खाली उतरतं, बोटांना मुंग्या येतात, मान वळवली की वाढतं आणि खांदा फिरवून फारसं बदलत नाही. तुमच्या वर्णनात मुंग्या नाहीत आणि दुखणं दंडापर्यंतच आहे, त्यामुळे स्पॉन्डिलोसिसबद्दल पुन्हा विचारा.

आता एमआरआय. वय वाढतं तसे ज्यांना काडीचंही दुखत नाही अशांच्या एमआरआयमध्येही स्नायूबंधांना छोट्या चिरा दिसतात. म्हणून तपासणी न करता काढलेल्या रिपोर्टमध्ये ‘पार्शल टेअर’, म्हणजे अर्धवट चीर, वाचून माणूस घाबरतो आणि दुखण्याचं कारण भलतंच असू शकतं. हाताने तपासून चिरेचा संशय आला, ऑपरेशनचा विचार असेल किंवा नीट फिजिओथेरपी करूनही फरक पडत नसेल, तर एमआरआय जरूर करा. सोनोग्राफीतही चीर बऱ्याचदा दिसते आणि ती स्वस्त पडते. पतंग उडवताना पडलात किंवा हाताला हिसका बसला आणि तेव्हापासून हात उचलतच नाही, असं असेल तर मात्र थांबू नका. ताजी मोठी चीर लवकर दाखवलेली बरी.

शेजारी मालिश आणि हाड बसवणं सुचवताहेत, असंही तुम्ही लिहिलंय. आपल्या बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यामुळे या विद्येला मोठा मान आहे आणि तो मलाही आहे. तरीपण निदान होईपर्यंत खांद्याला जोराचा झटका कुणालाही देऊ देऊ नका. फ्रोझन शोल्डरच्या दुखऱ्या टप्प्यात जबरदस्तीने ताणलं तर दुखणं वाढतं.

डॉक्टरांकडे जाताना ढिला, पुढून उघडणारा शर्ट घाला आणि सगळे जुने कागद न्या. स्पष्ट विचारा: कशाचं निदान आहे, आणि ते खांदा तपासून ठरवलंत की फोटोवरून? चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. खाजगी परवडत नसेल तर सयाजी हॉस्पिटलची हाडांची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं.

साखर आणि थायरॉइड आधीच तपासून घ्या. फ्रोझन शोल्डर निघाला तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात त्याने आराम पडतो, मला रात्रीची झोप त्यानंतरच लागली. पण मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वर जाते, म्हणून मधुमेह आहे हे सुई टोचण्याआधी सांगा. बरं व्हायला वेळ लागतो, एक ते तीन वर्षंही. व्यायाम मात्र रोज, दुखणं सोसवेल तेवढाच.

आणि दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल, तर खांद्याचा विचार सोडून लगेच हॉस्पिटल गाठा. ताप किंवा विनाकारण वजन घटणं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.