माडाच्या खोडातली अळी: हुमणी की सोंड्या?

प्रश्न असा आलाय की वाळलेला माड तोडला तर खोडात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, घरात कोणी हुमणी म्हणतं, कोणी सोंड्या, पण सोंड तर कुठेच दिसत नाही, मग बरोबर शब्द कुठला.

हुमणी नाही, हे नक्की. हुमणी जमिनीत राहून उसाची, भुईमुगाची मुळं खाते आणि तिच्या डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या स्पष्ट दिसतात. माडातल्या या अळीला पायच नसतात. डोकं तपकिरी आणि टणक, बाकी अंग मऊ, मधे फुगलेलं.

आता सोंड. ती असते मोठ्या झालेल्या तांबड्या भुंग्याला, त्याच्यावरूनच सोंड्या हे नाव पडलं, शिंगवाल्या भुंग्याला गेंड्या म्हणतात तसंच. मादी त्या सोंडेने खोडाच्या कोवळ्या भागात भोक पाडते नाहीतर जुनी जखम शोधते, तिथे अंडी घालते, दोन-चार दिवसांत अळ्या बाहेर येऊन आत शिरतात आणि पुढे एक ते तीन महिने आतल्या आत खात राहतात, वरून काही म्हणजे काही कळत नाही, भोकातून तांबूस चिकट रस आणि चावलेला भुसा यायला लागतो तोवर बऱ्याचदा माड हातचा गेलेला असतो. मुख्य नुकसान अळी करते आणि नाव मात्र भुंग्याच्या सोंडेवरून, त्यामुळे हा घोळ होतो. नुसतं सोंड्या म्हटलं तर बहुतेकांच्या डोळ्यासमोर भुंगाच येतो, म्हणून अवस्था जोडूनच बोलावं: सोंड्याची अळी.

गेंड्याचं बरोबर उलटं. त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते, माडाला हात लावत नाही, कोवळा कोंब पोखरतो तो भुंगा, आणि ती जखम पुढे सोंड्याच्या मादीला आयती मिळते. गेंड्याच्या अळीला पाय असतात, कुळही हुमणीचंच, त्यामुळे तिला कोणी हुमणी म्हटलं तर माझी फार हरकत नाही.

कोष शब्द मात्र जपून वापरा. सोंड्याची अळी खोडातलेच धागे स्वतःभोवती गुंडाळते, त्या आवरणालाही आपण कोष म्हणतो आणि आत पालटत असलेल्या जिवालाही. मी आवरणाला धाग्यांचा कोष म्हणतो आणि आतल्या जिवासाठी कोषावस्था. दोन-तीन आठवड्यांत त्यातून भुंगा निघतो, तेव्हा तोडलेल्या माडाचे तुकडे बागेत पडले असतील तर आधी फोडून जाळून टाका.