घडी कुणी मोडली?

पत्र : ताई, मुलगी सात वर्षांची आहे. मेच्या सुट्टीत मोबाइल सुटावा म्हणून तिला रोजची तीन कामं लावून दिली : वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, जेवायच्या आधी पानं मांडणं. फ्रिजवर तक्ता लावला, कामागणिक एक चांदणी. आठवडाभर उड्या मारत केलं. आता 'तूच कर ना' म्हणते. घड्या तर अशा घालते, की ती झोपल्यावर मला पुन्हा घालाव्या लागतात. वर सासूबाई म्हणतात, 'लेकराला सुट्टीत तरी राबवू नकोस.' त्यांना कसं समजावू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंना राहू दे बाजूला. तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मी चारदा वाचलं. 'ती झोपल्यावर मला पुन्हा घालाव्या लागतात.'

अगं, सकाळी कपाट कोण उघडतं? काल बाहेर लोंबणारी फ्रॉकची बाही आज आत गेलीय, हे तिला दिसत नसेल? 'तूच कर ना' हा आळस नव्हे. रात्री तू करतेसच, मग तिने कशाला करायचं? हिशोबाला पक्की आहे पोर!

आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पळीपापड्या घालायचे. उन्हं चढायच्या आत आटपायचं, म्हणून पहाटेच पातेलं चुलीवर. आजीची पापडी वाटीच्या तोंडासारखी गोल, माझी म्हणजे कोकणचा किनारा. मध्ये जाड राहायची, उलटताना फाटायची. (फाटलेल्या ओल्याच खाल्ल्या, ते वेगळं.) पण वाळलेल्या सगळ्या एकाच डब्यात गेल्या. आषाढी एकादशीला तळल्या तेव्हा आजोबांच्या ताटात नेमकी माझी आली. फुलली मात्र आजीच्याइतकीच. 'ही कुणाची गं?' असं त्यांनी विचारल्यावर मी काय ऐटीत हात वर केला होता, सांगू!

तुझ्या लेकीची पापडी तू रोज रात्री डब्यातून काढून टाकतेयस.

तेव्हा शाळा उघडेपर्यंत तिच्या घड्यांना हात लावायचा नाही. एकाही नाही. तुझा कुर्ता चुरगळलेला निघाला तर तोच घालून लोकल पकड. त्या गर्दीत इस्त्री तरी कुणाची टिकते? रात्री हात शिवशिवले तर सासूबाईंशेजारी जाऊन बस. मला दाट संशय आहे, त्यांनी तुला कपाटापाशी पाहिलंय.