उत्तर: बाल संरक्षण धोरण लिहून झालं, पुढे काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात जणांची संस्था, यवतमाळ जिल्ह्यातली दोन गावं आणि एक पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, संध्याकाळचा अभ्यासवर्ग, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायांना शिलाई मशीन. मदत देणाऱ्या कंपनीने बाल संरक्षण धोरण मागितलं म्हणून तुम्ही नेटवरून बारा पानी नमुना उतरवला, संस्थेचं नाव टाकलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आता विचारता आहात, एवढं पुरे का? आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: गणित शिकवणारा मुलगा फार गुणी आहे, दोन-तीन हुशार मुलींना रविवारी आपल्या खोलीवर बोलावून जादा शिकवतो, पालक खूश आहेत, पण तुम्हाला जरा अवघडल्यासारखं होतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी आमच्याकडे काय घडलं ते सांगते.

मी वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात बावीस वर्षं लहान संस्थांमधून काम करते. त्यातल्या एका संस्थेचा वर्ग शाळेच्या व्हरांड्यात सहा ते आठ चालायचा. रब्बीत शेतातली लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, हे तुम्हाला सांगायला नको. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला आईबाप दोघंही वावरात, घरात म्हातारी किंवा कोणीच नाही. म्हणून आमचा एक शिक्षक मुलांना आपल्या गाडीवर घरी सोडायचा. पेट्रोलचे पैसे मागायचा नाही. वार्षिक अहवालात आम्ही त्याचं कौतुक छापलं होतं.

डिसेंबरात एक आई हापशीवर भेटली. म्हणाली, "म्या नाई पाठवत आता पोरीले सराच्या गाडीवर. मीच येतो घ्याले." मी विचारलं, काऊन, काय झालं? "काई नाई बाप्पा, थंडी हाय." मी थंडीचं कारण खरं मानलं आणि निघून आले.

त्या बाईने मला जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं होतं. पोरीला पुस्तकं आम्ही देत होतो, घरातल्या मशीनसाठी तिचं नाव आमच्याच यादीत होतं. आमच्याच माणसाबद्दल ती आमच्याच तोंडावर आणखी काय बोलणार? दोन महिन्यांनी दुसऱ्या एका मुलीने वर्ग सोडला. तिने मावशीला सांगितलं, मावशीने गावातल्या आशा सेविकेला, आणि तेव्हा ते आमच्यापर्यंत आलं. मग कार्यकारिणी बसली. आम्ही त्या मुलीला बोलावलं, चार मोठ्या माणसांसमोर, आणि तो शिक्षकही त्याच खोलीत होता. ती एक शब्द बोलली नाही. आम्ही त्याचा राजीनामा घेतला आणि गावात सांगितलं की सरांची तब्येत बरी नसते. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या तालुक्यात मुलांच्याच कामावर लागला. त्या लोकांनी चौकशीला फोन केला तेव्हा आमच्याकडून "माणूस कष्टाळू आहे" एवढंच सांगितलं गेलं. त्या फोनच्या वेळी मी खोलीत होते. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

आम्ही काय काय चुकलो ते नंतर कळलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती जरी वाटली, तरी ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची अशी गोष्ट दाबली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे ज्याला आम्ही "घरातच मिटवलं" म्हणत होतो तो गुन्हा होता. चौकशी करणं, खरं-खोटं ठरवणं हे आपलं कामच नाही. आपण ऐकायचं, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, तारीख टाकायची आणि कळवायचं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

लोक पोलिसांचं नाव काढलं की घाबरतात, म्हणून आयांना हे सांगून ठेवा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी, आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ बसू शकतं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी 24 तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. ठाण्यात जायला पाय धजत नसेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, तो कुठूनही आणि फुकट लागतो. आणि मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो कुठेच जाता कामा नये, संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा. "अमुक गावची आठवीतली मुलगी" एवढ्यावरूनही पंचक्रोशीत ओळख पटते.

आता तुमचं बारा पानी धोरण. कंपनीला ते पाठवा, त्यांचं समाधान होऊ द्या. पण आपल्यासाठी एक पान वेगळं लिहा, साध्या मराठीत, पाच मिनिटांत मोठ्याने वाचता येईल असं. कोणतंही मोठं माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटं राहणार नाही. मुलांना गाडीवर एकटं नेणं नाही. रात्री मुलांना खाजगी मेसेज नाही. संस्थेचा कोणी कोणा बाईचं पासबुक, एटीएम किंवा आधार स्वतःजवळ ठेवणार नाही. आमच्याबद्दल काही सांगायचं असेल तर कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर. बस. हे पान वर्ग सुरू होण्याच्या दिवशी आयांना वाचून दाखवा, आणि पोडावर कोलामीत कोणाकडून तरी सांगा. नुसतं मराठीत वाचलं तर बाया माना डोलावतील आणि घरी जातील.

तक्रारपेटी लावू नका. आम्ही लावली होती, तीन वर्षांत तिच्यात एक चॉकलेटचा कागद निघाला. पेटी आपल्या ऑफिसात, चावी आपल्याकडे, लिहिता येणाऱ्या बाया थोड्या, आणि पेटीजवळ कोण गेलं ते सगळ्या गावाला दिसतं. त्यापेक्षा संस्थेबाहेरचं एक माणूस धरा. निवृत्त नर्सबाई, जुनी अंगणवाडी सेविका, ज्यांना आपल्याकडून काहीच घ्यायचं नाही अशा. आमच्या नंतरच्या कामात एका निवृत्त नर्सबाईंचा नंबर मुलांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर छापला होता. पहिल्या वर्षी त्यांना पाच फोन आले. चार खाऊ कमी मिळाल्याबद्दल होते. पाचवा खाऊबद्दल नव्हता. ते चार फोन आले नसते तर पाचवा आलाच नसता, असं मला मनापासून वाटतं. म्हणून लहान तक्रारींना हसू नका, त्यांचीही उत्तरं द्या.

मशीनवाटपाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण मला तिथेही काळजी वाटते. आपण कार्यक्रम घेतो, पाहुण्यांच्या हस्ते मशीन देतो, मागे बॅनर, त्यावर "आत्महत्याग्रस्त कुटुंब". आमच्या अशाच एका वाटपाचा फोटो पेपरात आला, नावासकट. आठवडाभरात एका बाईच्या दारात सावकाराचा माणूस उभा. "मदत भेटली म्हणे तुले." सरकारी मदत एक लाखाची, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. आमच्या फोटोने त्यात भर घातली. सासरच्यांचं भांडण वेगळंच. तेव्हापासून आम्ही मशीन घरी नेऊन देतो, फोटो हातांचा आणि कापडाचा. फोटोला हो म्हणता का, असं मशीन देताना विचारू नका. त्या क्षणी कोणीही नाही म्हणू शकत नाही. मशीन देऊन महिना झाल्यावर विचारा, मग ते उत्तर खरं असतं. परवाना नसलेला सावकार त्रास देत असेल तर 2014 च्या कायद्याखाली सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते. त्या बाईसोबत अर्ज घेऊन जाणं हेही आपलंच काम, कारण तो त्रास आपल्या फोटोने वाढवला होता.

तुमच्या कार्यकर्त्या मुलींचाही विचार करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागते. तुम्ही सातच आहात, म्हणून तुमची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाईल, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. बिनपगारी स्वयंसेवकही त्यात येतात, आणि तुमच्या शिलाई केंद्रात शिकायला येणारी बाईसुद्धा. त्या समितीचा पत्ता आधीच काढून भिंतीवर लावा. शेवटची एसटी चुकली की मुलगी काळीपिवळीत एकटी, हेही घडू देऊ नका. गावभेट पाचला संपली पाहिजे. आणि महिन्यात सहा घरी जाऊन मरणाच्याच गोष्टी ऐकणारी बावीस वर्षांची पोर रात्री झोपते का, हे कोणीतरी तिला विचारलं पाहिजे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बायांना देतो तसा तिच्याही मोबाईलमध्ये असू द्या.

नवा माणूस घेताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी करून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. जिथे तक्रारच झाली नाही तिथे दाखला स्वच्छच येतो, हे आमच्याच उदाहरणावरून तुम्हाला दिसलं असेल. जुन्या संस्थेला फोन करा आणि सरळ विचारा: तुम्ही याला पुन्हा मुलांबरोबर ठेवाल का? समोरचा थोडा जरी थांबला, तर आणखी दोन ठिकाणी विचारा.

आता तुमचा गणिताचा मुलगा. त्याच्याविरुद्ध आज काहीही नाही, आणि तो खरोखर गुणी असेल. त्याला गाठून "तुझ्यावर संशय आहे" असं म्हणू नका. त्याच्या एकट्यासाठी नियमही करू नका. सातही जणांना एकत्र बसवून सांगा की यापुढे मुलांना कोणाच्याही घरी, खोलीवर शिकवायचं नाही, माझ्यासुद्धा. रविवारचा तास समाजमंदिरात घ्या, दार उघडं, आणि मुलींपैकी एकीची आई तिथे बसलेली. चांगल्या शिक्षकाला याचं दोन दिवस वाईट वाटेल, मग तो म्हणेल, बरं झालं, मीही निर्धास्त झालो. तो चिडला, किंवा पालकांना तुमच्याविरुद्ध सांगायला लागला, तर ते लक्षात ठेवा.

त्या मुलींशी मात्र वेगळं बोला. तो नसताना, त्यांना आवडणाऱ्या एखाद्या ताईने, गणिताबद्दल, खोलीबद्दल, सहज. "त्याने काही केलं का" असं तोंडात घालून विचारू नका. "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, ते पाळता येणार नाही; "तुला मदत करता येईल अशाच माणसाला सांगेन" एवढं म्हणा. काही निघालं तर त्याच दिवशी कळवायचं, कार्यकारिणीची बैठक होईपर्यंत थांबायचं नाही. काही निघालं नाही तरी एकदा बोलून विषय बंद करू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा बसा.

रविवार चार दिवसांवर आहे. तासाची जागा आजच बदला, आणि आयांना निरोप द्यायला तुम्ही स्वतः जा, त्याच्या हाती पाठवू नका. गेलात की चहा घ्या, थोडं बसा. एखादी म्हणाली की थंडी आहे म्हणून पोरगी पाठवत नाही, तर उठू नका.