बॉनेटखालचे प्रश्न : ऑक्टोबर कुठल्या सालचा?

प्रश्न : मी ओहायोत राहतो. १९६९ची शेवरले कॅमेरो घ्यायचं मनात आहे. विकणारा म्हणतो, अस्सल झेड/२८ (कॅमेरोची खास वेगवान आवृत्ती) आहे, सगळे नंबर जुळतात, म्हणजे इंजिनही मूळचंच. डॅशबोर्डवरचा नंबर १२४३७९एन५२ असा सुरू होतो. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) टॅगवर ‘१०सी’ आणि ‘एक्स३३’ आहे, इंजिनावर ‘व्ही०२१२डीझेड’. फोटो पाठवतोय. घेऊ का?

उत्तर : टॅग न घासता, आहे तसा धुळीसकट फोटो काढलात, हे फार बरं केलंत.

डॅशबोर्डवरचा नंबर आधी बघू. १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरची) कॅमेरो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवूड, तुमच्याच ओहायोतला, १९८७मध्ये बंद पडलेला कारखाना. संपलं. झेड/२८चा यात उल्लेखच नसतो. साध्या व्ही-८ कूपेचा नंबरही असाच सुरू होतो, तेव्हा ‘नंबर जुळतात’ ऐकून हुरळून जाऊ नका.

खरी मजा टॅगवर आहे. १०सी म्हणजे दहाव्या महिन्याचा तिसरा आठवडा. साल दिलेलं नसतं. एरवी त्यावाचून अडत नाही, पण १९६९च्या मॉडेलचं उत्पादन १९६८मध्येच सुरू होऊन नोव्हेंबर १९६९पर्यंत लांबलं, त्यामुळे या मॉडेलच्या वाट्याला दोन ऑक्टोबर आले. तुमचा कुठला? नॉरवूडची मोजणी एन५००००१पासून सुरू झाली आणि सात लाख अकरा हजारांच्या पुढे जाऊन थांबली. तुमची गाडी पहिल्या तीस हजारांतली, म्हणजे ऑक्टोबर १९६८.

आणि नॉरवूडने १९६९च्या टॅगवर एक्स कोड मारायला सुरुवात केली ती डिसेंबर १९६८मध्ये! एक्स३३ म्हणजे स्टाइल ट्रिम (बाहेरची जादा सजावट) घेतलेली झेड/२८, एक्स७७ म्हणजे तिच्याशिवायची, हे बरोबरच आहे. पण ऑक्टोबरच्या टॅगवर डिसेंबरचा कोड म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच बारसं. नवे टॅग बनवून विकणारे आहेत, आणि त्यांतले सगळेच इतका बारीक हिशेब करत नाहीत.

इंजिनही तीच गोष्ट सांगतं. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२१२ म्हणजे १२ फेब्रुवारी, डीझेड म्हणजे १९६९च्या झेड/२८चं ३०२ घनइंचांचं इंजिन. कोड खरा असेलही. पण १९६८च्या झेड/२८ला डीझेड नव्हता, म्हणजे ही तारीख फेब्रुवारी १९६९चीच. मग गाडी चार महिने इंजिनाशिवाय उभी होती की काय? इंजिनावर हा कोड ज्या सपाट पट्टीवर आहे, त्याच पट्टीवर सहसा गाडीचा अर्धा नंबर, १९एन५२ असा, कोरलेला असतो. तो तुमच्या फोटोत अल्टरनेटरच्या आड गेलाय. टॉर्च घेऊन बघा. नंबर जुळला नाही, तर इंजिन नंतर बदललं, इतकंच. जुळला, तर जास्त वाईट : नंतर कुणीतरी ठोकलेला असणार. कारखान्याच्या पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा असतात. पट्टी गुळगुळीत दिसली की समजून जा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी १९७०ची शेवरले शेवेल ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट, तिची वेगवान आवृत्ती) म्हणून घेतली होती. त्या साली एसएस हा नुसता ऑप्शन होता, नंबर मालिबूचाच, म्हणजे साध्या शेवेलचा. दोन वर्षांनी फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, काढला, आतून बोट फिरवलं, तर एसएसच्या बिल्ल्याची भोकं खरबरीत, हाताने ड्रिल केलेली. बायकोने एवढंच विचारलं, “मग बिल्ला तरी खरा आहे ना?” नव्हता.

तुमच्या गाडीला एसी आहे का, किंवा फायरवॉलवर त्याची बुजवलेली भोकं? झेड/२८ला एसी मिळतच नव्हता. चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि पुढे डिस्क ब्रेक मात्र सक्तीचे होते. मूळ वॉरंटी पुस्तिकेतली धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, मागा, तिच्यावर इंजिनाचा कोड असतो. ती नसेल, तर साध्या व्ही-८ कॅमेरोचा भाव द्या, त्याहून एक डॉलर जास्त नको. पत्रा चांगला दिसतोय, त्या भावात मीही घेईन.

प्रश्न : १९७०च्या डॉज चॅलेंजरचा फेंडर टॅग कसा वाचायचा? काहीच अर्थ लागत नाही.

उत्तर : तुम्ही वरून वाचताय. खालून वर वाचा. खालच्या ओळीत इ८७ म्हणजे ४४० घनइंचांचं ‘सिक्स पॅक’ इंजिन, डी२१ म्हणजे चार गिअर, जेएस२३ म्हणजे चॅलेंजरची आर/टी ही वेगवान आवृत्ती, पक्क्या छताची (हार्डटॉप). वरच्या ओळीतलं एफसी७ म्हणजे तो जांभळा प्लम क्रेझी रंग, ए१५ म्हणजे १५ ऑक्टोबर. आता डॅशबोर्डवरच्या नंबरातलं पाचवं अक्षर बघा. तिथे व्ही असलं, तर ते इ८७शी जुळलं. डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरने इंजिन कुठलं, ते गाडीच्या नंबरातच लिहून ठेवलंय. वरच्या कॅमेरोवाल्यांना हे सुख नाही.