फोनवर मागवलेले पंप, अडकलेलं बिल

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात इमारतींच्या तळघरांत पाणी शिरलं. एका कार्यालयातून रात्री फोन आला म्हणून डिझेलचे चार पंप आणि एक ट्रॅक्टर पाठवला. आता बिल मागितलं तर 'निविदा नाही, कार्यादेश नाही' म्हणतात. पैसे मिळतील का?
— एक पंपव्यावसायिक, नागपूर

उत्तर : खरेदीचा अधिकार दिलेला असेल तर केवळ निविदा नव्हती म्हणून बिल अडवता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३चंच बघा, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या रात्रीतून पाण्यात गेल्या. अशा वेळी निविदेची वाट कोण पाहणार? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधलं कलम ५० यासाठीच आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने (अध्यक्ष जिल्हाधिकारी) एखाद्या विभागाला तातडीच्या खरेदीचा अधिकार दिला की निविदेची अट माफ धरली जाते. शिवाय प्राधिकृत नियंत्रण अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्र हिशेबाला व्हाउचर म्हणून चालतं.

तेव्हा आधी कार्यालयाला लेखी विचारा : तो अधिकार कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला दिला? मग प्रमाणपत्र मागा. फोन करणाऱ्याला अधिकारच नसेल तर घोडं तिथेच अडतं.

सूट निविदेपुरती आहे, पुराव्याला नाही. प्रत्येक पंपाची जागा, सुरू-बंद वेळ, डिझेल कोणाचं आणि जागेवरच्या कर्मचाऱ्याची सही, एवढं हवंच. पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप तासाला साधारण एक लिटर जाळतो. १८ तासांच्या नोंदीसमोर ४० लिटर लिहिले तर लेखापरीक्षक लाल रेघ ओढणारच. जाळीत पॉलिथिन अडकून पंप थांबला तो वेळही लिहा. सलग १८ तास कुणालाच पटत नाहीत! सह्या राहिल्या असतील तर फोनची नोंद, वेळेसकट फोटो आणि रहिवाशांचं लेखी निवेदन जोडा. तेवढ्याने प्रमाणपत्र मिळेलच असं नाही, पण द्यायला अधिकाऱ्याला आधार मिळतो.

'पंप भाडे, एकूण' असं ठोक बिल देऊ नका. कलम ५० बचाव आणि मदतकार्यासाठी आहे. त्याच बिलात नंतरची भिंतदुरुस्ती घुसडली तर सगळंच लटकतं.

ट्रॅक्टरचं बिल वेगळं करा. तो याच कायद्याच्या कलम ६५ च्या आदेशाने अधिग्रहित केला (म्हणजे बचावकार्यासाठी ताब्यात घेतला) असेल तर कलम ६६ प्रमाणे स्थानिक भाडेदराच्या आधारे भरपाई मिळते. रक्कम मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत लवादाकडे पाठवण्याचा अर्ज करता येतो. नुसत्या फोनवर नेला असेल तर तो पंपांच्याच वाटेने जाईल.