धर्मांतर, नवा जन्म आणि ‘तुरुंग मंत्रालय’

प्रश्न असा आला आहे : ‘चार्ल्स कोल्सनवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. त्यातल्या ‘कन्व्हर्जन’ला धर्मांतर आणि ‘बॉर्न अगेन’ला पुनर्जन्म लिहिलं तर चालेल का? आणि ‘प्रिझन मिनिस्ट्री’चं काय करू? यंत्राने ‘तुरुंग मंत्रालय’ करून दिलंय.’

आधी माणूस पाहू, कारण इथे शब्द त्याच्यावरूनच ठरणार. कोल्सन १९६९ पासून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा विशेष सल्लागार. विरोधकांचा काटा काढण्याची कामं याच्याकडे. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं बाहेर काढणाऱ्या डॅनियल एल्सबर्गची बदनामी करून खटल्यात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याने १९७४ मध्ये कबूल केला आणि सात महिने तुरुंगात काढले. पण त्याआधीच, १९७३ च्या ऑगस्टमध्ये, तो एका उद्योगपती मित्राकडे गेला होता. मित्राने त्याला एका पुस्तकातलं गर्वावरचं प्रकरण वाचून दाखवलं. तिथे हा गप्प बसला. निघाल्यावर मात्र शंभरेक यार्डांवर गाडी रस्त्याकडेला घेतली आणि एकटाच ढसाढसा रडला.

आता ‘धर्मांतर’. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसं धर्मांतर म्हणजे दुसरा धर्म. कोल्सनच्या बाबतीत दुसरा धर्म कुठून आणणार? तो एपिस्कोपल पंथाच्या घरात वाढलेला, म्हणजे नावापुरता का होईना, ख्रिस्तीच. ‘त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला’ हे वाक्य म्हणूनच घसरतं. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ ‘वळणं’ एवढंच आहे. कुठून कुठे वळलात ते त्यात नाही.

आपल्याकडचा दाखला पंडिता रमाबाईंचा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. ते धर्मांतर, शंकाच नाही. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो अनुभव आला त्यानंतर काही वर्षांनी. रमाबाईंच्या चरित्रात त्यामुळे दोन शब्द लागतात. कोल्सनला फक्त दुसरा लागतो.

मग तो दुसरा कोणता? ‘मतपरिवर्तन’ला निवडणुकीचा वास येतो, ‘हृदयपरिवर्तन’ला गांधीयुगाचा. ‘उपरती’ मूळचा भारदस्त शब्द, वेदान्तात शम-दमाच्या पंक्तीला बसणारा. पण वर्तमानपत्रांनी त्याला इतकं राबवलंय की आता ‘उपरती झाली’ म्हटलं की वाचक गालात हसतो. तुमच्या लेखात कोल्सनची टिंगल करणाऱ्यांचा उल्लेख असेल, तर तिथे मात्र ‘उपरती’ खुशाल वापरा, नाहीतर सरळ ‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ म्हणा. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा अनेकांच्या मनात नेमकं हेच होतं. शिक्षा कमी व्हावी म्हणून हे सोंग, असा संशय.

‘बॉर्न अगेन’ हे त्याच्या १९७६ च्या आत्मकथनाचं नावच आहे. त्याच वर्षी जिमी कार्टर यांनी निवडणुकीच्या प्रचारात स्वतःबद्दल तेच शब्द वापरले आणि चर्चमधला हा शब्दप्रयोग घरोघरी गेला. त्याचा उगम योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही, असं येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला सांगतो. मूळ ग्रीक शब्द ‘अनोथेन’ द्व्यर्थी आहे : ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. इंग्रजीला यातला एक अर्थ निवडावा लागतो. आपल्याकडे मास्तर म्हणतात ना, ‘धडा पुन्हा वरून वाच’. तिथे वरून म्हणजे सुरुवातीपासून. मराठी ‘वरून’ ग्रीकच्या इतका जवळ जातो याची मला गंमत वाटते. पण म्हणून ‘वरून जन्मलेला’ लिहायला जाऊ नका, वाचक आभाळाकडे बघेल.

‘पुनर्जन्म’ मात्र नकोच. आपल्या कानाला तो मेल्यानंतरचा, आणि शक्यतो टाळायचा. शिवाय निकदेम नेमका तिथेच चुकला होता. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या पोटात कसं जायचं, असं त्याने विचारलं! मराठी बायबलात ‘नव्याने जन्मणे’ आहे, मराठी ख्रिस्ती मंडळी ‘नवा जन्म’ म्हणतात. तेच घ्या.

राहिलं मंत्रालय. यंत्राला हसू नका, घोटाळ्याला इतिहास आहे. लॅटिन ‘मिनिस्टर’ म्हणजे नोकर, सेवक. राजाचा सेवक तो पुढे मंत्री झाला, देवाचा सेवक पाळक झाला. आपला ‘मंत्री’ वेगळ्या वाटेने आला : मंत्र म्हणजे मसलत, ती देणारा मंत्री. या हिशेबाने निक्सनच्या कानाशी लागलेला कोल्सन संस्कृत अर्थाने पक्का मंत्री होता, आणि लॅटिन अर्थाने ‘मिनिस्टर’ झाला तो तुरुंगातून सुटल्यावर. १९७६ मध्ये त्याने ‘प्रिझन फेलोशिप’ काढली : कैद्यांसाठी बायबलचा अभ्यास, तुरुंगसुधारणेची खटपट, आणि नाताळात कैद्याच्या मुलांना आईच्या किंवा बापाच्या नावाने भेटवस्तू. १९९३ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, ती दहा लाख डॉलरांवरची रक्कमही त्याने या कामालाच दिली. २०१२ मध्ये वारला तोवर हेच चालू होतं. याला ‘सेवाकार्य’ म्हणा. ‘फेलोशिप’ला मराठी बायबलात ‘सहभागिता’ हा सुंदर शब्द आहे, पण संस्थेचं नाव आहे तसंच ठेवा. नावांचं भाषांतर केलं की शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘तुरुंगात जाण्याआधीच कोल्सन यांचा नवा जन्म झाला होता, सुटल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य कैद्यांच्या सेवेत घालवलं.’ पहिल्या उल्लेखाला ‘ख्रिस्ती श्रद्धेत नवा जन्म’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘नवा जन्म’ पुरे.