व्हॉयेजरच्या फोटोतला सूर्य पट्टीनं मोजू नका

ताई, तुमची लेक म्हणते सूर्यमालेच्या कडेला गेलेल्या व्हॉयेजर यानावरून सूर्य टिपक्याएवढा दिसतो, तिचे सर म्हणतात नेटवरच्या फोटोत तर चांगला मोठा आहे, तक्त्यावर तेवढाच काढ. हे वाचलं न् मला २०१५ चं शाळांचं विज्ञान प्रदर्शन आठवलं. लेक बरोबर आहे, आधी तेवढं सांगतो. मी गणिताचा मास्तर, खगोलाचा तज्ज्ञ नाही, पण या एका चुकीचा अनुभव माझ्याइतका कुणाला नसेल.

त्या वर्षी १४ जुलैला न्यू होरायझन्स यान प्लुटोजवळून गेलं, पोरं नुसती पेटली होती. आमची परभणीकडची खेड्यातली शाळा. आठवीच्या पोरींनी तक्ता करायचं ठरवलं आणि मी शहाण्यानं व्हॉयेजर-१ चा १४ फेब्रुवारी १९९० चा फोटो छापून आणला, त्यातला सूर्य पट्टीनं मोजला, कॅमेऱ्याच्या कोनावरून हिशोब केला आणि फ्लेक्सवर ठोकून दिलं की तिथून सूर्य आपल्याला दिसतो त्याच्या पाव रुंदीचा दिसतो. साधा त्रैराशिकाचा विचार केला नाही बघा. यान ६ अब्ज किलोमीटरवर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या ४० पट लांब, तर रुंदी चाळिसावा हिस्सा होणार. पाव कुठून आला?

तर तो आला कॅमेऱ्यातून. सर्वात गडद फिल्टर लावून, सेकंदाच्या फक्त ५ हजारांश (म्हणजे दोनशेवा भाग) एवढं एक्स्पोजर देऊन काढला तरी सूर्याचा उजेड भिंगांमध्येच आपटून आपटून पसरला, आणि आपल्याला दिसतो तो ह्या पसरलेल्या उजेडाचा गोळा. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या हेडलाइटचा मोबाइलवर फोटो काढा, केवढा भोपळा दिसतो, तसलंच हे.

चूक माझ्या लक्षात आली ती तालुक्याला नंबर आल्यावर. मग जिल्ह्याआधी मजकूर बदलायला एका कार्यालयात गेलतो. कोणतं ते विचारू नका, मला अजून नोकरी करायचीय. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं पत्र आणा. पत्र नेलं तर म्हणे आवक नंबर टाकणारा माणूस रजेवर, आणि एकदा नोंद झाली की बदल होतच नसतो. अहो मग पत्र कामून मागवलं? तीन खेटे, तिन्ही वेळा एस्टीनं, शाळेचे तास बुडाले ते वेगळेच. खरं तर त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं, पण मी परवानगी मागत बसलो. शेवटी परीक्षकांनी पोरीला विचारलं, ४० पट लांब गेलं तर रुंदी किती पट कमी? ती पटकन म्हणाली, ४०. मग इथं पाव कसं, म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी ढिम्म.

आता तुमच्या तक्त्याचं. आकार दाखवायला तुरीचा दाणा घ्या. हात लांब करून धरला की साधारण सूर्याएवढाच दिसतो (सूर्यावर धरून बघू नका, पौर्णिमेच्या चंद्रावर धरा, दोघांचा दिसायचा आकार सारखाच). तोच दाणा ४० हात लांब, म्हणजे मैदानात २२ मीटरवर ठेवा. हा व्हॉयेजरचा १९९० चा सूर्य. डोळ्याला त्याची चकती दिसत नाही, टिपका दिसतो.

पण टिपका म्हणजे मंद चांदणी नव्हे, इथं परीक्षक हमखास पकडतात. अंतर ४० पट तर उजेड ४० गुणिले ४०, म्हणजे १६०० पट कमी. तरीही तो व्याध ताऱ्याच्या सुमारे ८० लाख पट तेजस्वी, आणि पौर्णिमेच्या चंद्राच्या २५० पट उजेड देतो. प्लुटोजवळ न्यू होरायझन्स होतं तिथं साडेतीनशे चंद्रांएवढा, म्हणजे भरदुपारी पुस्तक आरामात वाचता येईल. व्हॉयेजर-१ तर २०२५ मध्ये सूर्य-पृथ्वी अंतराच्या १६५ पटींच्याही पुढं होतं, तिथं अजूनही चौदा-पंधरा चंद्रांचा उजेड पडतो. त्यामुळं सूर्य काढताना टाचणीच्या टोकाएवढा काढा पण रंग पांढराशुभ्र, मागं काळंकुट्ट. पिवळा गोळा काढून त्याला किरणांच्या दाढ्या लावू नका, मला तरी ते लई खटकतं.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाचा सूर्य "जवळून" म्हणून मोठा काढायचा मोह होईल. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, सूर्याच्या वाटेचा एक टक्का. तिथून सूर्य जवळपास आपल्याएवढाच दिसतो. मोठा बघायचा तर पार्कर यान, डिसेंबर २०२४ मध्ये ते पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर गेलं, तिथं सूर्य वीसेक पट रुंद.

आणि "व्हॉयेजरनं काल काढलेला सूर्य" असा फोटो ग्रुपवर आला तर सरळ डिलीट मारा. त्या १९९० च्या फोटोंनंतर त्याचे कॅमेरे बंदच केलेत.

लेकीला अजून एक सांगा. एवढ्या लांबून नक्षत्रं बदलत नाहीत, सूर्य तेवढा त्यांच्यात येऊन बसतो. व्हॉयेजर-१ वरून मागं वळून बघितलं तर तो मृगाच्या पायातल्या राजन्य ताऱ्याच्या जवळपास दिसेल. जानेवारीत रात्री आठ-नऊला गच्चीवर न्या आणि दाखवा. फ्लेक्स मात्र त्याआधी छापू नका.